इशारा जिल्ह्याला, दरड वाडीवर

भिवंडी तालुक्यातील दापोडे हे गाव आज गोदामांचे गाव म्हणून ओळखले जाते. माणकोली, वळ, पूर्णा, काल्हेर, दापोडे या पट्ट्यात जेथे एकेकाळी भाताची खाचरे होती, तेथे आता पत्र्याच्या छपरांची लांबच लांब रांग उभी आहे. जुलै महिन्यात एखाद्या दिवशी ठाणे जिल्ह्यासाठी हवामान खात्याचा लाल इशारा प्रसृत होतो, तेव्हा या गोदामांतील कारकुनाच्या लेखी त्याचा अर्थ अगदी स्पष्ट असतो. सर्वांत खालची थप्पी फळ्यांवर चढवायची, आत येणाऱ्या गाड्यांना फोन करायचा, रस्त्यावर पाणी चढण्यापूर्वी मंडळींना घरी सोडायचे. पाणी येईल ते दिसत येईल, पायरी पायरीने चढेल. माल भिजेल, दोन दिवसांचे काम बुडेल. संकट खरे, पण त्याला तोंड देण्यास अवधी असतो.

त्याच दिवशी, त्याच जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, मुरबाड तालुक्यात माळशेज घाटाच्या कड्याखाली राहणाऱ्या माणसालाही हाच लाल इशारा मिळतो. समुद्रसपाटीपासून हाताच्या अंतरावर असलेले दापोडे आणि सह्याद्रीच्या पायथ्याची वाडी यांना सरकारी नकाशावर एकच रंग फासलेला असतो. चोवीस तासांत २०४.५ मिलिमीटर वा त्याहून अधिक पाऊस म्हणजे 'अत्यंत मुसळधार', ही खात्याची व्याख्या दोघांनाही सारखीच लागू. परंतु वाडीतल्या माणसापुढचा प्रश्न पाणी किती येईल हा नाही. घरामागचा डोंगर आज रात्री जागेवर राहील की नाही, हा त्याचा प्रश्न आहे. आणि या प्रश्नाचे उत्तर त्या इशाऱ्यात नसते.

१९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पायथ्याची ठाकरांची वाडी दरडीखाली गेली. पावसाने दिवे गेलेले, माणसे झोपलेली, वेळ साडेदहा-अकराची. खालच्या चौक गावातून वाडीपर्यंत वाहन जाईल असा रस्ता नव्हता. चिखलातून तासा-दीड तासाची चढण होती. त्यामुळे माती उपसणारी यंत्रे वर नेता आली नाहीत आणि बचावपथकांनी फावड्या-कुदळींनी शोध घेतला. २३ जुलै रोजी शोध थांबविण्यात आला. सत्तावीस मृतदेह हाती लागले होते, सत्तावन्न माणसे मातीतच राहिली. १७ ते १९ जुलै या तीन दिवसांत त्या परिसरात सुमारे पाचशे मिलिमीटर पाऊस झाला होता, असे नंतर विधिमंडळात सांगण्यात आले. त्याच निवेदनात आणखी एक गोष्ट होती. दरडप्रवण गावांच्या यादीत इर्शाळवाडीचे नावच नव्हते.

या शेवटच्या वाक्यावर त्यावेळी बरीच टीका झाली. परंतु टीकेचा रोख बहुधा यादी अपुरी का, एवढ्यापुरताच राहिला. यादी पूर्ण असती तरी काय झाले असते, हा त्याहून अवघड प्रश्न आहे. कोणता उतार धोक्याचा, हे सांगणे एक. तो कोणत्या रात्री सुटेल, हे ओळखणे अगदी वेगळे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने २०१४ पासून देशभरच्या डोंगराळ प्रदेशाचे दरडप्रवणतेचे नकाशे तयार केले आहेत. पन्नास हजारास एक या प्रमाणावरच्या त्या नकाशात एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. अख्खी वाडी त्यात मोहरीच्या दाण्याएवढ्या जागेत मावते. नकाशा निरुपयोगी आहे असे नव्हे. पण झोपायचे की निघायचे, हे त्यावरून ठरत नाही.

बर्फाच्या प्रदेशातील रीत

नेमका हाच प्रश्न जगाच्या दुसऱ्या एका भागात शंभर वर्षांपासून अभ्यासिला जात आहे, तो बर्फाच्या डोंगरांत. महाराष्ट्राला हा विषय दूरचा वाटतो, पण तो तितका दूरचा नाही. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचीनच्या सोनम ठाण्यावर, सुमारे एकोणीस हजार सहाशे फुटांवर, हिमस्खलनात दहा जवान गाडले गेले. त्यांत सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातील एक जवान होता. पुढच्याच वर्षी जानेवारीत काश्मीरच्या गुरेझ खोऱ्यातील हिमस्खलनात गेलेल्यांमध्येही मराठी घरांतील मुले होती. लष्कराच्या या गरजेपोटीच १९६९ मध्ये मनालीला हिम व हिमस्खलन अभ्यासाची संस्था सुरू झाली. २०२० मध्ये ती संरक्षण संशोधन संघटनेच्या चंडीगढ येथील नव्या भू-माहिती संस्थेत विलीन झाली.

बर्फाच्या उतारावर धोका कसा जोखतात, हे पाहण्यासारखे आहे. डोंगरावरचा बर्फ हा एकसंध ढीग नसतो; प्रत्येक हिमवर्षावाचा एक थर, अशी ती थरांची वही असते. निरभ्र, कडाक्याच्या थंडीच्या रात्री जुन्या बर्फाचे रूप पालटते, त्याचे कण एकमेकांना धरून राहात नाहीत आणि साखरेसारखा रवाळ, कच्चा थर तयार होतो. नंतर वादळ येते. वारा आणि हिमवर्षाव मिळून या कच्च्या थरावर काही तासांत जड, घट्ट लादी रचतात. लादी मजबूत दिसते, तिच्यावर पाय रोवून उभे राहता येते. खालचा थर मात्र आतून पोकळ झालेला असतो. तो एके ठिकाणी खचला की ती चीर क्षणार्धात दूरवर धावते आणि संपूर्ण लादी एकदम सुटते. तीस ते पंचेचाळीस अंशांचा उतार यासाठी सर्वांत वाईट. त्याहून सौम्य उतारावर लादी सहसा सुटत नाही, फार उभ्या उतारावर ती साचतच नाही.

बर्फातला जाणता माणूस म्हणून उतारावर खड्डा खणून थर पाहतो. तीस सेंटिमीटर चौरसाचा बर्फाचा स्तंभ मोकळा करून त्याच्या माथ्यावर फावडे ठेवतो आणि त्यावर थापा मारतो : दहा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. कितव्या थापेला आणि कोणत्या खोलीवर स्तंभ कापला गेला, याची वहीत नोंद होते. पण याहून मोलाच्या खुणा न खणता मिळतात. जवळच्या तशाच उतारावर ताजे स्खलन झालेले दिसणे, पावलासरशी बर्फात चीर पळणे, पायाखाली 'धप्प' असा दबका आवाज होणे. यांपैकी एक खूण मिळाली तरी पुढे जायचे नाही. आणि वादळ चालू असताना तर खड्डाही खणत बसायचे नाही, कारण भार तासातासाला वाढत असतो आणि सकाळच्या खड्ड्याचे उत्तर दुपारी खोटे ठरते. वादळात आणि ते शमल्यानंतरचा निदान एक दिवस त्या कोनाच्या उतारावर, आणि त्याच्या खालीही, जायचेच नाही, हा नियम.

या रीतीचे मर्म शास्त्राइतकेच शिस्तीत आहे. हिमतज्ज्ञ उतार आज सुटेलच असे सांगत नाही; ते कोणालाच सांगता येत नाही. आपल्याला कळत नाही, हे तो मान्य करतो, आणि न कळण्याची किंमत जिवाने द्यावी लागते म्हणून आधीच ठरवलेल्या मर्यादेला मागे फिरतो. युरोपातील देशांनी १९९३ मध्ये धोक्याची पाच पायऱ्यांची एक सामाईक मोजपट्टी स्वीकारली. तिच्यात नुसता आकडा नसतो. कोणत्या दिशेचे, किती उंचीवरचे उतार अधिक वाईट, हेही रोजच्या पत्रकात असते. जिल्ह्याला एक रंग देऊन तेथे कोणी मोकळे होत नाही.

सह्याद्रीची थरांची वही

सह्याद्री हाही थरांचा डोंगर आहे. लाव्हारसाचे थरांवर थर निवून तो घडला. कठीण काळा कातळ, त्यावर सच्छिद्र कातळ, मध्येच एखादा तांबडा मातकट थर, अशी त्याची रचना आहे. लक्षावधी वर्षांच्या उन्हापावसाने वरचा दगड कुजून त्याचा मुरूम आणि माती झाली आणि कड्यावरून पडलेल्या दगडमातीचे जुने ढिगारे पायथ्याच्या उतारावर विसावले. वाड्या बहुधा या ढिगाऱ्यांवरच वसतात, कारण तेथेच थोडी माती असते, नाचणी-वरई होते आणि झरा असतो. झरा असणे हेच जागा निवडण्याचे कारण, आणि पाणी आत मुरून कातळावर अडते याचा पुरावाही तोच.

कोरडी वा नुसती ओलसर माती उतारावर का टिकते? तिचे कण एकमेकांवर दाबले गेलेले असतात आणि त्या दाबामुळे त्यांच्यात घर्षण असते. वाळवंटात खेळणाऱ्या मुलालाही ठाऊक असते की ओलसर वाळूचा किल्ला उभा राहतो, पण बादलीभर पाणी ओतले की बसतो. डोंगरातही तेच घडते. दिवसचे दिवस पडणारे पाणी मुरमात उतरते, खालच्या अभेद्य कातळाशी अडते आणि वर वर साचत जाते. कणांमधील पोकळ्या पाण्याने भरल्या की वरचा भार अंशतः ते पाणीच पेलू लागते, कणांवरचा दाब घटतो, घर्षणही घटते. आणि त्याच वेळी पाण्याच्या वजनाने खाली खेचणारा भार वाढलेला असतो. पाण्याने माती 'बुळबुळीत' होऊन घसरते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती पुरती बरोबर नाही. माती आतून उचलली जाते, असे म्हणणे वस्तुस्थितीला अधिक धरून होईल.

यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली, एका दिवसाच्या पावसावरून निर्णय घेता येत नाही. मागचे पंधरा दिवस डोंगराने किती पाणी पोटात घेतले, ते पाहावे लागते. जूनच्या आरंभीचा दोनशे मिलिमीटर पाऊस आणि जुलैच्या अखेरचा तेवढाच पाऊस हे सारखे नव्हेत. महाराष्ट्रातील मोठ्या दरडींच्या तारखा मांडल्या तर हे सहज ध्यानात येईल. महाड तालुक्यातील जुई, दासगाव, कोंडिवते येथील दरडी २५-२६ जुलै २००५ च्या. माळीण ३० जुलै २०१४. तळिये २२ जुलै २०२१. इर्शाळवाडी १९ जुलै २०२३. सगळ्या तारखा जुलैच्या उत्तरार्धातल्या. डोंगर तोवर भिजून तुडुंब झालेला असतो आणि मग एखादी मोठी झड येते.

दुसरी गोष्ट अशी की एका प्रदेशाचे मोजमाप दुसऱ्याला चालत नाही. १९८० मध्ये नेल केन या भूगोलतज्ज्ञाने जगभरच्या दरडींच्या नोंदी तपासून पावसाची तीव्रता आणि कालावधी यांचे एक किमान सूत्र मांडले. त्या सूत्रानुसार चोवीस तासांत साधारण शंभर मिलिमीटर पाऊस पडला की उथळ दरडींची शक्यता सुरू होते. हे सूत्र महाबळेश्वरला लावले तर जुलै-ऑगस्टमध्ये दिवसाआड गावे रिकामी करावी लागतील, कारण तेथे शंभर मिलिमीटर ही नित्याची गोष्ट आहे. डोंगर आपापल्या पावसाशी जुळवून घेतात. जो भाग एरवीच्या पावसात सुटणार होता, तो केव्हाच सुटून गेलेला असतो. धोका असतो तो त्या त्या जागेच्या सवयीबाहेरच्या पावसाचा. तळियेची दरड कोसळली त्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता. पण सवयीबाहेरचा पाऊस कोणता, हे ओळखायला आधी सवयीचा पाऊस माहीत असावा लागतो, आणि तो त्याच डोंगरावर मोजलेला असावा लागतो.

येथे आपण फार मागे आहोत. राज्याच्या महावेध योजनेतून २०१७ पासून महसूल मंडळागणिक एक याप्रमाणे सुमारे दोन हजार स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली, हे खरे. परंतु ती शेतीसाठी, पीकविम्यासाठी आहेत. एका मंडळात अनेक गावे येतात, केंद्र बहुधा सोयीच्या सपाटीवर असते, आणि घाटमाथ्याचा पाऊस पायथ्याच्या पावसाहून कितीतरी वेगळा असतो. कड्याखालच्या वाडीवर किती पडले, हे त्यावरून कळत नाही.

केरळातील वायनाडचा अनुभव या संदर्भात बोलका आहे. ३० जुलै २०२४ रोजी, माळीणच्या दुर्घटनेला बरोबर दहा वर्षे झाली त्या दिवशी, मुंडक्कई-चूरलमला भागात उत्तररात्री दरड कोसळून दोनशेहून अधिक माणसे गेली. त्या जिल्ह्यात कल्पेट्टा येथील एका खासगी अभ्यासकेंद्राने शेतकरी आणि मळेवाले यांच्या मदतीने सुमारे दोनशे साध्या पर्जन्यमापकांचे जाळे विणले होते. त्या नोंदींवरून या केंद्राने दुर्घटनेच्या सुमारे सोळा तास आधी प्रशासनाला सावध केले होते, असे नंतर प्रसिद्ध झाले. भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचे दरड-पूर्वानुमानाचे राष्ट्रीय केंद्र त्याच महिन्यात कोलकात्यास सुरू झाले होते. आरंभीची त्याची पत्रके दार्जिलिंग, कालिम्पाँग आणि निलगिरी या जिल्ह्यांपुरती होती. साध्या नळकांड्यातल्या पाण्याने जे सांगितले ते ऐकले कोणी, आणि ऐकून गावात पोहोचवले कोणी, हा प्रश्न मात्र उरतोच.

हाँगकाँगने हा प्रश्न कसा हाताळला, ते पाहावे. १८ जून १९७२ या एका दिवसात तेथे दोन ठिकाणी दरडी कोसळून १३८ माणसे गेली. १९७६ मध्ये त्यांपैकी एका ठिकाणी पुन्हा तोच प्रकार घडला. १९७७ मध्ये तेथे उतारांवर देखरेख करणारी स्वतंत्र कचेरी निघाली आणि पावसाच्या आकड्यांवर आधारलेली दरडीची सूचना सुरू झाली. मानवनिर्मित उतारांना, म्हणजे डोंगर तोडून वा भराव घालून केलेल्या उतारांना, क्रमांक देण्यात आले. असे सुमारे साठ हजार उतार आज तेथे नोंदवहीत आहेत आणि प्रत्येकाची देखभाल कोणाकडे, हे ठरलेले आहे. हाँगकाँग श्रीमंत शहर आहे, त्याची बरोबरी रायगडच्या डोंगराशी करू नये, असे कोणी म्हणेल. पण उताराला क्रमांक देण्यासाठी श्रीमंती लागत नाही. तलाठ्याच्या दप्तरात शेताच्या बांधालाही क्रमांक असतोच.

निघायचे कोणी ठरवायचे?

हिमाच्या आणि मातीच्या डोंगरांत एक मोठा भेद आहे. हिमस्खलनाच्या बहुतेक अपघातांत लादी सुटते ती त्या माणसाच्या वा त्याच्या सोबत्याच्याच वजनाने. तो हौसेने वा कर्तव्यापोटी तेथे गेलेला असतो आणि मागे फिरणे त्याच्या हाती असते. सह्याद्रीतला माणूस तेथे गेलेला नसतो, तो तेथे राहतो. मागे फिरायचे म्हणजे घर, गोठा, बियाणे, कोंबड्या सोडून, भर पावसात, लहान मुले आणि म्हातारी माणसे घेऊन निघायचे. खाली गेल्यावर शाळेच्या फरशीवर झोपायचे. लावणीचे दिवस असतात, रोज बुडतो. आणि चार दिवसांनी डोंगर जागच्या जागी पाहून परत चढायचे. असे दोनदा झाले की तिसऱ्या वेळी कोणी उठत नाही. मग शहाणी माणसे 'लोक ऐकत नाहीत' असे म्हणतात. लोक ऐकत नाहीत हे अर्धे खरे आहे. ऐकण्याची किंमत केवळ त्यांच्यावरच टाकलेली असते, हे उरलेले अर्धे.

म्हणून इशारा खोटा ठरणे याला अपयश मानण्याची सवय आधी मोडली पाहिजे. वादळात मागे फिरलेल्या गिर्यारोहकाला, लादी सुटली नाही म्हणून कोणी मूर्ख ठरवीत नाही. दहा वेळा गाव खाली आणले आणि नऊ वेळा काही झाले नाही, तर ती नऊ वेळांची शिधा, मजुरी आणि निवारा हा सरकारी खर्चाचा नियमित भाग असला पाहिजे; तो उपकार म्हणून मागाहून नव्हे, तर रिवाज म्हणून आधी. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील प्राधिकरणाला भरपूर अधिकार दिले आहेत. परंतु प्राधिकरण जिल्ह्याच्या ठिकाणी बसते आणि दरड रात्री येते. दिवे गेलेले, फोन बंद, ओढ्याला पूर, अशा वेळी वाडीचा निर्णय वाडीतच घेता आला पाहिजे. आणि तो भीतीवर वा धीरावर न सोडता आकड्यावर सोडला पाहिजे. मोजपात्रात आठवड्याचे इतके आणि आज दुपारपर्यंत इतके पाणी आले, की दिवेलागणीपूर्वी निघायचे. मग त्यावर चर्चा नाही.

डोंगर खुणाही देतो. माथ्यावर वा घरामागे नवी भेग पडणे, झाडे व विजेचे खांब कलणे, दारे अकस्मात न लागणे, झऱ्याचे स्वच्छ पाणी गढूळ होणे, नवाच झरा फुटणे किंवा भर पावसात वाहता झरा थांबणे, आतून घरघर ऐकू येणे. वाडीतली जुनी माणसे या खुणा जाणतात. पण येथेही हिमप्रदेशाचा नियम लागू करायला हवा : खूण दिसली की वेळ संपलेली असते. ती तपासायला, शेजाऱ्याला दाखवायला, बैठक घ्यायला अवधी नसतो. तळियेला दरडीपूर्वी माती घसरू लागल्याचे पाहून लोक एके ठिकाणी जमले होते, निघण्याच्या विचारात होते आणि तेवढ्यात डोंगर आला, असे त्यावेळच्या बातम्यांत होते. ऐंशीहून अधिक माणसे गेली. खूण ओळखण्यात ते चुकले नव्हते. कोठे जायचे आणि कोणत्या वाटेने, हे आधी ठरलेले नव्हते.

डोंगर दुबळा होण्यात माणसाचा हात किती, हा वाद माळीणच्या वेळी फार रंगला. पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील हे गाव सकाळच्या वेळी गाडले गेले. ते दिसत नाही, हे प्रथम ध्यानात आले ते तेथे नेहमी जाणाऱ्या एस.टी.च्या चालकाच्या. दीडशेवर माणसे गेली. उतारावर यंत्रे लावून शेतीसाठी केलेले सपाटीकरण हे कारण की मुसळधार पाऊस हे, असा तो वाद होता. वस्तुतः या दोहोंत विरोध नाही. उताराचा पायथा तोडला की वरच्या मातीचा आधार जातो आणि मधल्या सपाट पट्टीवर पाणी थांबून आत मुरते. पाऊस मग उरलेले काम करतो. बर्फावरचा माणूस एका पावलाने जे करतो, ते येथे वर्षानुवर्षांच्या खोदाईने होते. रस्ता रुंद करताना उभा कापलेला डोंगर, घरासाठी मागे खणलेली भिंत, मुरमासाठी पोखरलेली टेकडी, हे सगळे त्याच हिशोबात येते. दापोड्यासारख्या सखल भागात जमीन उंच करून गोदाम बांधायचे तर भराव लागतो. तो भराव मुरमाचा असतो, आणि मुरूम डोंगरातूनच येतो. खाडीपलीकडे पारसिकच्या डोंगराला बिलगून कळवा-मुंब्य्राच्या चाळी वर चढत गेल्या आहेत. १९ जुलै २०२१ रोजी कळव्याच्या घोलाईनगरात दरड कोसळून एकाच घरातील पाच माणसे गेली. तेव्हा हा प्रश्न आडरानातल्या वाड्यांपुरता आहे, असेही समजण्याचे कारण नाही.

कायमचे पुनर्वसन हाच खरा उपाय, असे प्रत्येक दुर्घटनेनंतर म्हटले जाते, आणि त्यात चूक काही नाही. पण ते संथ असते. जंगल, गुरे आणि शेत यांपासून तोडलेला ठाकर वा महादेव कोळी नव्या घरात काय खाणार, याचा विचार त्यात क्वचित असतो. शिवाय नवी जागाही डोंगरातच असते. माळीणच्या वाचलेल्या लोकांसाठी आमडे येथे नवे गाव बांधून एप्रिल २०१७ मध्ये ते त्यांच्या हवाली करण्यात आले. त्याच वर्षीच्या जूनमध्ये पहिल्याच मोठ्या पावसात तेथील रस्ते खचले आणि भरावाला तडे गेले. ज्यांनी एकदा डोंगर कोसळताना पाहिला होता, त्यांनी त्या रात्री काय केले असेल, हे सांगायला नको. राज्यातील दरडीच्या छायेतली गावे शेकड्यांनी मोजावी लागतात. ती सगळी हलेपर्यंत कित्येक पावसाळे जातील. त्या पावसाळ्यांतल्या रात्रींचे काय, एवढाच येथे प्रश्न आहे.

त्यासाठी लागणारे सामान फार थोडे आहे. सरळ कडांचे कोणतेही भांडे उघड्यावर ठेवले आणि रोज ठराविक वेळी त्यातल्या पाण्याची उंची पट्टीने मोजली, तर तो मिलिमीटरमधील पाऊसच असतो. कंपासपेटीतील कोनमापकाला दोरा आणि खडा बांधला की उताराचा अंश मोजता येतो. शंभर पावले आडवे गेल्यावर अठ्ठावन्न पावले उंची वाढत असेल, तर तो तीस अंशांचा उतार, हे नववी-दहावीच्या मुलाला येणारे गणित आहे. डोंगराखालच्या प्रत्येक शाळेने पाच वर्षे अशी वही ठेवली असती, तर इर्शाळवाडीच्या वेळी 'तीन दिवसांत पाचशे मिलिमीटर' हा आकडा मागाहून विधिमंडळात ऐकावा लागला नसता. तिसऱ्या दिवशी दुपारी तो वाडीच्या भिंतीवर खडूने लिहिलेला असता.

आणि जायचे तेही बहुधा शाळेतच. जिल्हा परिषदेची शाळा ही बहुतेक ठिकाणी एकमेव पक्की, सार्वजनिक इमारत असते. पण ती शाळा दरडीच्या वाटेत आहे की बाहेर, हे पाहायला हवे. उतार संपला म्हणजे धोका संपला असे नसते, सुटलेली माती सपाटीवरही दूर पसरते. वर्गात रात्री पन्नास माणसे झोपू शकतील अशी सतरंजी, कंदील आणि पिण्याचे पाणी १ जूनपूर्वी तेथे आहे का, हे पाहायला हवे. शिक्षक तालुक्याच्या गावाहून येऊन जाऊन करतात. तेव्हा संध्याकाळी पाच वाजता लागणाऱ्या त्या कुलपाची दुसरी किल्ली वाडीत कोणाकडे आहे, हेही एकदा विचारून ठेवायला हवे.